करूळ घाट, दोन चाकं आणि दोनशे वर्षांची खडी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्या गावात रेंज दोन काड्यांवर अडकलेली असते, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे निसटलं, ते इथे थोडं नीट करून लिहिलंय.

आजचा विषय: खराब रस्ता आणि बाइक. आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की गॅरेजचा? थांबा जरा. सिंधुदुर्गातल्या वैभववाडीतून करूळ घाट चढून गगनबावड्याला जायचं म्हटलं, तर साधारण दहाएक किलोमीटरच्या चढात तुमच्या टायरखाली मुरूम, डांबर, काँक्रीट, सुटी खडी, शेवाळ आणि पावसाने वरून आणलेली माती, असं सगळं येऊ शकतं. यातल्या प्रत्येक थराला एक तारीख आहे, एक माणूस आहे, आणि कोणीतरी घेतलेला एक निर्णय आहे.

आणि एक प्रश्नही आहे. बाइक स्लिप झाली की आजूबाजूचे पहिलं वाक्य काय बोलतात? "चालवायला येत नाही तर कशाला एवढ्या जोरात यायचं?" पडलेला अजून उठलेला नसतो, तोवर निकाल लागलेला असतो. हा निकाल कितपत खरा आहे, ते आज बघू.

मुद्दाम वाईट ठेवलेले रस्ते

घाट संपतो तिथलं गगनबावडा म्हणजे पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचं ठिकाण. हे रामचंद्रपंत अमात्यांचं घराणं. शिवाजी महाराजांपासून पुढच्या छत्रपतींपर्यंत स्वराज्याचा कारभार पाहिलेला हा माणूस, आणि १७१५च्या सुमाराचं 'आज्ञापत्र' त्यांच्या नावावर आहे. राज्य कसं चालवावं याचं हे मॅन्युअलच म्हणा.

त्यात किल्ल्यांबद्दल जे सांगितलंय, त्याचा आशय आजच्या ठेकेदाराला फार आवडेल. गडाकडे येणारा मार्ग सोपा असू नये, सोपा असेल तर तो मोडावा, त्यावर झाडी वाढवावी आणि जाणंयेणं अवघड करावं. म्हणजे वाईट रस्ता हा तेव्हा सुरक्षेचा भाग होता. शत्रूचा तोफखाना वर चढू नये, हाच तर हेतू.

सह्याद्रीतल्या बऱ्याच जुन्या वाटा चाकासाठी नव्हत्याच. कोकणातून मीठ आणि मासळी वर जायची, देशावरून धान्य आणि गूळ खाली यायचा. हा माल वाहायचे लमाणांचे बैल आणि माणसांची डोकी. कोकणात आजही गावागावात जांभ्या दगडाची पाखाडी दिसते. पायऱ्यापायऱ्यांची, मध्ये दगड वर आलेली. पायाला आणि खुराला ती छान. खूर प्रत्येक पावलाला नवी जागा निवडतो. दगड हलला तर पुढचा पाय दुसरीकडे टाकतो.

चाकाला ती सोय नाही. चाक जिथून जाणार, तिथला प्रत्येक इंच त्याला सोसावा लागतो. त्यामुळे चाक आलं की रस्त्याकडूनच्या अपेक्षा एकदम बदलतात.

खडी फोडणारा स्कॉटिश माणूस

जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटलंडचा. १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली. तोवर चांगला रस्ता म्हणजे खाली मोठाले दगड आणि वर लहान दगड, अशी समजूत होती. मॅकॅडम म्हणाला, मोठे दगड नकोतच. सहा औंस, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड दगड रस्त्यात घालायचा नाही. दगड फोडलेला हवा, गोटा नको. फोडलेल्या खडीला कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि वरून गाड्या गेल्या की थर घट्ट बसतो. नदीतला गोल गोटा कितीही दाबा, तो घरंगळणारच.

त्याची दुसरी अट जास्त महत्त्वाची. रस्ता मध्ये किंचित उंच हवा, दोन्ही बाजूंना उतार हवा आणि पाणी लगेच गटारात गेलं पाहिजे. खालची जमीन कोरडी राहिली तर ती कितीही वजन पेलते, ओली झाली की संपलं. हे वाक्य लक्षात ठेवा. कोकणातल्या प्रत्येक खड्ड्याचं मूळ यात आहे.

आपल्याकडे पुणे आणि मुंबई यांच्यामधला बोरघाट १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. त्यानंतर एकेक घाट फोडला गेला. आपण आजही बोलताना खडीला 'मेटल' म्हणतो आणि रस्त्याला 'मेटल रोड'. हा शब्द लोखंडाचा नाही. लॅटिनमध्ये 'मेटालम' म्हणजे खाण, तिथून तो आला.

बैलगाडीला मात्र लोखंडी धाव असायची. ती धाव खडीला रोज थोडी थोडी दळायची. त्या भुकटीने फटी भरायच्या आणि पाणी मारलं की थर अजून पक्का व्हायचा. जड गाड्या वाढल्या की तीच धाव रस्त्याला चाकोऱ्या पाडायची. 'चाकोरीबद्ध आयुष्य' हा शब्दप्रयोग ज्या चाकोरीतून आला, ती हीच.

बाइक जन्मली तेव्हा रस्ता कोणाचा होता?

१८८५ मध्ये जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचं इंजिन बसवलं. चाकं लाकडी, धाव लोखंडी, सस्पेन्शन शून्य. पहिल्या मोटरसायकलचा मान साधारणपणे या गाडीला देतात. त्याआधीच्या, १८६०च्या दशकातल्या पेडलवाल्या सायकलींना इंग्लंडात जे टोपणनाव पडलं होतं, त्याचा अर्थच 'हाडं खिळखिळी करणारी'.

हवेचा टायर रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच पेटंट केला होता, पण तेव्हा तो कोणालाच फारसा नको होता. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने तो पुन्हा शोधला, तोही आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. तेव्हा मात्र मार्केट तयार होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असंच होतं, पण ते जाऊ दे.

हवेच्या टायरने एक नवीनच भानगड केली. लोखंडी धाव खडीची भुकटी दाबून बसवायची, तर जोरात धावणारा रबरी टायर तीच भुकटी मागे उडवायचा. खडी उघडी पडायला लागली आणि धुळीने लोक वैतागले. १९०२ मध्ये एडगर हूलीने खडीत डांबर कालवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि १९०८ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली, ती मुख्यतः या नव्या मोटारींचं आणि त्यांच्या धुळीचं काय करायचं यासाठी. तुमच्या गावचा डांबरी रस्ता या भांडणातून आला.

बाइकवाल्यांनी वाट पाहिली नाही. रस्ता सुधारत नाही म्हटल्यावर त्यांनी गाडी सुधारली. १९३०च्या दशकाच्या मध्यात तेल भरलेले टेलिस्कोपिक फोर्क आले, बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर ते १९३५ मध्ये दिसले. १९४८ मध्ये रॉयल एन्फील्डने मागच्या चाकाला स्विंगआर्म लावलेली बुलेट इंग्लंडच्या कच्च्या रस्त्यांवरच्या स्पर्धेत उतरवली. त्या काळात मागे असं सस्पेन्शन म्हणजे मोठी गोष्ट. हीच बुलेट १९५०च्या दशकात आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी घेतली आणि मद्रासला तिचा कारखाना उभा राहिला.

थोडं गणित

आता महाराष्ट्रात येऊ. १९७२ मध्ये आकुर्डीहून बजाज चेतक आली. लग्नात, नोकरीत, बदलीत, सगळीकडे चेतक. दहा इंची छोटी चाकं, आणि एका बाजूला झुकलेलं इंजिन. १९९४ मध्ये हिरो होंडाची स्प्लेंडर आली, अठरा इंची चाकांची. आणि कोकणातल्या गावांत कोण टिकलं ते तुम्हाला माहीत आहे.

मायलेज हे कारण होतंच. पण चाकाचंही बघा. समजा एक फुटाचा, म्हणजे ३०० मिलिमीटर रुंद खड्डा आहे. चाक त्यात किती खाली जाईल, हे शाळेतल्या पायथागोरसने काढता येतं. टायर धरून चेतकच्या चाकाची त्रिज्या साधारण २१५ मिलिमीटर, ते सुमारे ६१ मिलिमीटर खाली जातं. स्प्लेंडरची त्रिज्या ३०० धरली तर ४०. हल्लीच्या हिमालयन किंवा एक्सपल्सच्या एकवीस इंची पुढच्या चाकाला ३५च्या आसपास. खड्डा तोच, पण चेतकचं चाक स्प्लेंडरपेक्षा दीडपट खोल पडतं. टायर दबतो, वेग असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा येईल, पण क्रम हाच राहतो. मोठ्या चाकाला छोटा खड्डा म्हणजे फट, छोट्या चाकाला तोच खड्डा म्हणजे विहीर. स्कूटर चालवणाऱ्या ताई, काकू, हे खास तुमच्यासाठी: तीच जागा, तोच वेग, पण तुम्हाला बसणारा दणका खरोखर मोठा असतो. तुम्ही उगाच घाबरत नाही.

आपल्या मातीचा स्वभाव

कोकणात खाली जांभा, वर सह्याद्रीत काळा बेसॉल्ट. जांभ्याला इंग्रजी नाव फ्रान्सिस बुकाननने केरळात पाहून १८०७च्या पुस्तकात दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक. घर बांधायला एक नंबर. पण रस्त्यावर जांभ्याचा मुरूम टाकला, की उन्हाळ्यात त्याची लाल धूळ आणि पावसात त्याचा राडा.

वर गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात पडतो त्याच्या कित्येक पट. डांबराची आणि दगडाची मैत्री तशी कच्चीच असते. दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं. भेगेतून पाणी आत गेलं की ते दगडावरचं डांबर सोडवतं, वरून ट्रक गेला की ते पाणी पंपासारखं दाबलं जातं आणि खडी सुटते. मोरी तुंबली, गटार बुजलं, की पाणी रस्त्यावरून वाहतं आणि महिन्याभरात खड्डा. मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी जे सांगितलं तेच: पाणी बाहेर काढा.

कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात, बघितल्यात ना? त्यावरून गेलं की दात वाजतात. २००७ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर चाक फिरवून बघितलं. एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की चाक स्वतःच त्या लाटा तयार करतं. सस्पेन्शन नसलं तरी. म्हणजे तो रस्ता कोणी खराब 'बांधलेला' नसतो, आपण सगळे मिळून तो तसा करतो.

मग चालवायची कशी?

इतिहास सांगितला, आता कामाचं. हे सगळं वर सांगितलेल्या गोष्टींतूनच येतं, म्हणून लक्षात राहील.

सुटी खडी किंवा मुरूम: खडी घरंगळते, तेव्हा टायरला पकड कमी. वेग आधीच कमी करा, खडीवर पोचल्यावर नाही. पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि चाक लॉक झालं, तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. मागचं चाक घसरलं तर निदान सावरायची संधी असते. गिअर खालचा ठेवा आणि इंजिनला गाडी रोखू द्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असलेल्या गाडीत मागचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. म्हणून खडीवर पायही हलकाच.

हँडल: घट्ट धरू नका. हे सगळ्यात अवघड, कारण भीती वाटली की मुठी आपोआप आवळतात. सायकल नुसती ढकलून सोडली तरी ती काही अंतर स्वतः तोल सांभाळते. २०११ मध्ये संशोधकांनी एक अशी सायकल बनवली, जिच्यात आपण आजवर सांगत आलेली दोन्ही मुख्य कारणं, फिरत्या चाकाचा परिणाम आणि पुढच्या चाकाची मागे पडणारी रचना, काढून टाकली होती. तरी ती वेगात असताना सरळच राहिली. सांगायचा मुद्दा, गाडीला सरळ राहायची स्वतःची युक्ती असते. पुढचं चाक डावं-उजवं होत ती युक्ती वापरतं. आपण मुठी आवळून ते अडवतो.

उंचसखल पट्टा: फूटरेस्टवर थोडं उठा, गुडघे किंचित वाकवा. गुडघा म्हणजे देवाने दिलेला शॉकअप. मागे डबलसीट कोणी असेल तर आधी सांगा, नाहीतर तुम्ही उठाल आणि मागचा बिचारा हवेत.

काँक्रीटची कड: नव्या काँक्रीटच्या कडेला साइडपट्टी भरलेली नसते, तिथे चार-सहा इंचाचा उंबरा राहतो. एसटीला जागा द्यायला खाली उतरलात, तर वर चढताना चाक कडेला समांतर घासत नेऊ नका. वेग कमी करून, जरा लांबून वळून, शक्य तितकं काटकोनात चढा. समांतर गेलात की चाक कडेला अडकतं आणि गाडी आडवी.

पावसाची पहिली सर: रस्त्यावर साठलेलं ऑइल आणि धूळ वर येतं, तेव्हा सगळ्यात जास्त निसरडं. पुढे पाऊस दिवसभर पडला की ते वाहून जातं, पण घाटाच्या सावलीतल्या वळणावर शेवाळ येतं. आणि टायर गोटा झाला असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. आधी टायर बदला.

पैसे कोण भरतं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. "चालवायला येत नाही" हा निकाल.

१९२७ मध्ये भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीचं म्हणणं असं, की रस्ता आता फक्त जिल्हा बोर्डाच्या ऐपतीचा राहिलेला नाही, पेट्रोलवर कर लावा आणि तो पैसा रस्त्यालाच द्या. त्यातून १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे कर आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग, ही उतरंड त्या नागपूर योजनेतली. वैभववाडीतल्या फलकांवरचे 'ग्रामीण मार्ग' आणि 'जिल्हा मार्ग' हे शब्द याच व्यवस्थेतले.

या निधीला २००० मध्ये स्वतंत्र कायदाही मिळाला, आणि पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठीचा उपकर आजही देतो. म्हणून कोणी म्हणालं, "बाइकवाले टोल भरत नाहीत, त्यांनी बोलू नये," तर त्याला जयकरांची गोष्ट सांगा. स्प्लेंडरमध्ये दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकणारा पोरगाही रस्त्याचे पैसे भरतोच, जवळपास शंभर वर्षांपासून.

दुसरी बाजू आकड्यांची. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. त्याच वर्षी खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ मृत्यू नोंदले गेले. २०१५ मध्ये मुंबईत एका भाजीविक्रेत्याचा किशोरवयीन मुलगा बाइकवर मागे बसलेला असताना खड्ड्यामुळे गेला. त्यानंतर ते वडील स्वतः शहरातले खड्डे बुजवत फिरू लागले. त्या मुलाला चालवायला येत नव्हतं असं कोण म्हणणार? तो चालवतच नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांची सुनावणी २०१३ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमीला इजेनुसार पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही त्यामागची भूमिका. सहा लाखांत माणूस परत येत नाही. पण वाईट रस्ता हे नशीब नसून कोणाची तरी जबाबदारी आहे, हे कागदावर आलं.

याचा अर्थ आपण वाटेल तसं चालवावं असा नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला अंतर चौपट लागतं, आणि घाटाला कोर्टाची ऑर्डर वाचता येत नाही. सावध चालवणं आपल्याकडे, पाणी बाहेर काढणं रस्ता ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे. दोघांनी आपापलं करायचं.

२०२४च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी बंद झाला, तो वर्षभराहून अधिक काळ. तेवढे दिवस भुईबावडा आणि फोंडा घाटाने लोक कोल्हापूरला गेले. दवाखान्याला, मार्केट यार्डाला, कॉलेजला. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे अजून कागदावरच आहे, त्यामुळे वर जायचं तर घाटच. अमात्यांच्या काळात मार्ग अवघड ठेवण्याला कारण होतं, शत्रू होता. आता वर जाणारा माणूस आजारी आई मागे बसवून निघालेला असतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी खड्डा दिसला तर आधी वेग कमी करा. मग सुरक्षित जागी थांबून त्याचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि रस्ता कोणत्या खात्याचा आहे ते फलकावर बघून लेखी तक्रार करा. नुकसानभरपाईचा प्रश्न आलाच तर तो कागद कामाला येतो. तुमच्या घाटाची, तुमच्या पाखाडीची जुनी माहिती घरातल्या आजोबांकडे असेल तर रेकॉर्ड करून पाठवा. आणि मालवणीत घरचे सांगतात तसं, सावकास जावा, पोचल्यावर फोन करा. भेटू पुढच्या भागात!